फाटकावरचा कोहळा

कौशल्याचा फोन आला तेव्हा मी नागपूरला, भावाच्या गच्चीवर उन्हात पाय पसरून बसले होते. थंडीचे दिवस, संत्री सोलणं चाललेलं, आणि रायपूरला परत कधी जायचं यावरून भावजयीशी लुटुपुटीचं भांडण. तिला मी आणखी आठ दिवस राहायला हवी होते आणि मला रविवारपर्यंत घर गाठायचं होतं, कारण वड्या घालायच्या राहिल्या होत्या आणि ताई वाट पाहत होत्या. कौशल्या म्हणजे रायपूरची आमची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. ती म्हणाली, "भाभी, दीदी दरवाजा नहीं खोल रही हैं. दूध बाहर ही रखा है." मी म्हटलं, आंघोळीला गेल्या असतील, नाहीतर रेडिओ मोठ्यानं लावून बसल्या असतील. ती 'हव' म्हणाली, म्हणजे हो, पण त्या 'हव'मध्ये जीव नव्हता. दुसरा फोन तिच्या नवऱ्याचा, रामाधार भैयांचा आला. त्यांनी मला काहीच सांगितलं नाही, भावाला फोन द्या म्हणाले. तेव्हाच मला काय ते कळलं. हातातली फोड तशीच हातात राहिली.

ताई म्हणजे कुमुदताई, माझी मोठी नणंद. एरवी मी त्यांना ताई म्हणायचे आणि भांडण झालं की 'वन्सं' म्हणायचे. वन्सं शब्द कानावर पडला की त्यांना कळायचं, आज शैलाचं डोकं फिरलेलं आहे. अख्खी तेलीबांध्याची वस्ती त्यांना दीदी म्हणायची. लग्न झालं नव्हतं. स्थळं आली होती, गेली होती. त्यांनी नाकारली की त्यांना नाकारलं, यावर आमच्या घरात शेवटपर्यंत एकमत झालं नाही, आणि त्यांना विचारलं तर म्हणायच्या, "दोघायचंही जमलं नाही." सासरे रेल्वेत गार्ड होते, वर्ध्याकडून नोकरीपायी इकडे आलेले. त्यांनी तलावाजवळ प्लॉट घेतला तेव्हा लोक म्हणाले होते, गावाबाहेर जाऊन काय कोल्ह्यांना जेवायला घालणार? आता त्याच रस्त्यानं नव्या राजधानीच्या मोटारी धावतात.

अंत्यविधी निखिलनं केला, माझ्या मुलानं. तो हैदराबादहून आला तेव्हा डोळे सुजलेले होते, पण कोणासमोर रडला नाही. घरात नातेवाईक जमले होते, वर्ध्याचे, गोंदियाचे. त्यांतल्या एक चुलतसासूबाई चहा पिता पिता म्हणाल्या, "चांगली होती बिचारी. पण तिचं आपलं असं कोणी नव्हतं." वाईट मनानं म्हणाल्या नाहीत. पण ते वाक्य माझ्या अंगाला इंगळीसारखं डसलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मनात आलं, मी त्यांची कोण? भावाची बायको, भाऊ गेला तरी घरात राहिलेली. निखिल कोण? भाचा. आणि आम्ही 'त्यांचे' होतो की त्या 'आमच्याकडे' होत्या? इतकी वर्षं एका चुलीवर काढली आणि हे कधी विचारलं नव्हतं. ते एक वाक्य डोक्यात घेऊनच मी हे लिहायला बसले आहे.

ताई सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायच्या. आधी ट्रेसर, मग ड्राफ्ट्समन. त्यांच्या पाटीवर निवृत्तीपर्यंत 'ड्राफ्ट्समन'च लिहिलेलं होतं आणि त्यांना त्याची फार गंमत वाटायची. घरात त्यांना वाकडी रेघ खपत नसे. पोळी वाकडी झाली तर चालायची, कारण त्यांच्या स्वतःच्या पोळ्या भारताच्या नकाशासारख्या व्हायच्या, पण भिंतीवरचं कॅलेंडर अर्धं बोट कललं तरी जेवता जेवता उठून सरळ करायच्या. निखिलच्या शाळेच्या वहीत समास आखून द्यायच्या आणि तो एवढा सुबक असायचा की मास्तरांनी एकदा विचारलं होतं, छापून आणतोस का?

माझे यजमान अचानक गेले. निखिल तेव्हा प्राथमिक शाळेत होता. मला त्यांच्याच कार्यालयात जागा मिळाली आणि आम्ही दोघी नणंदा-भावजया सकाळी डबे भरून वेगवेगळ्या दिशांना जायला लागलो. त्याच सुमारास छत्तीसगढचं नवं राज्य झालं. ते दिवस आठवले की अजून हसू येतं. साऱ्या रायपूरला एकदम राजधानी झाल्याचा ताप चढला होता. जुन्या इमारतींना रंग, नवे बोर्ड, नवे शिक्के, नव्या गाड्या. ज्या त्या कार्यालयाला आपलं चिन्ह हवं होतं, आणि चिन्ह म्हटलं की कागद ताईंच्या टेबलावर. मग कधीतरी जाहीर झालं की राज्याचा पक्षी पहाडी मैना, राज्याचं जनावर रानम्हैस, राज्याचं झाड साल. संध्याकाळी ताई चप्पल काढता काढता म्हणाल्या, "राज्याले पक्षी भेटला, जनावर भेटलं, झाड भेटलं. आपल्यालेच काहून नाही काही?"

मला वाटलं चेष्टा आहे. पण त्यांचं डोकं दुसरीकडेच चाललं होतं. जुन्या संस्थानिकांच्या एका इमारतीची मापं घ्यायला त्या गेल्या होत्या आणि तिथल्या दिवाणखान्याच्या भिंतीवर त्यांनी राजेलोकांच्या ढाली पाहिल्या होत्या. ढालीवर वाघ, हत्ती, तलवारी, दोन बाजूंना ढाल धरून उभी राहिलेली जनावरं आणि खाली पट्टीवर संस्कृत वचन. त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं. प्रत्येक चित्राला अर्थ असतो म्हणे. वाघ म्हणजे पराक्रम, चंद्र म्हणजे अमुक वंश, बुरूज म्हणजे कुणा पूर्वजानं राखलेला किल्ला. मी म्हटलं, ताई, आपल्यात हे असतंच की. देवक काय वेगळं असतं? कुणाचं कळंब, कुणाची पंचपालवी. त्या पेन्सिलीला टोक करत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "देवक लग्नात बसवतात. माझं लग्नच नाही झालं, त माझं देवक कोणतं, सांग मले." त्या रागानं बोलल्या नव्हत्या, खरोखर विचारत होत्या. मी भाजी ढवळत राहिले.

मग त्यांनी आपलं चिन्ह काढायला घेतलं. रविवारचे रविवार गेले. ढाल त्यांनी पहिल्याच फटक्यात बाद केली. "ढाल काहून? आपण कोणाशी लढून राहिलो?" त्याऐवजी सूप घेतलं. खरंच, सूप उभं धरलं की आकार ढालीसारखाच दिसतो, आणि सुपाचं काम ढालीपेक्षा कितीतरी बरं, दाणे ठेवायचे आणि फोलपटं उडवून द्यायची. सुपात सगळ्यात वर सासऱ्यांचा गार्डाचा कंदील. तळाशी दोन लाटा, म्हणजे आमचा तलाव. दोन्ही बाजूंना सूप धरून उभ्या दोन टिटव्या. टिटवीवर मी हटकलं. अहो, टिटवी ओरडली तर आपल्याकडे लोक दगड मारतात, अपशकुनी पक्षी तो. त्या म्हणाल्या, टिटवीला घरटं बांधायला झाड मिळत नाही, उघड्या माळावर चार खड्यांत अंडी घालते आणि तिथूनच गाईला, कुत्र्याला, माणसाला हाकलते. आणि रात्री पाय वर करून झोपते, कारण आभाळ पडलं तर धरायला कोणीतरी पाहिजे. ही गोष्ट माझ्या आजीनंही मला सांगितली होती. वर टिटवीनं समुद्र आटवल्याची म्हण आहेच. मी विचारलं, दोन कशाला? तर म्हणाल्या, "एकीनं धरलं त सूप कलंडन ना." पुढे त्यांचं कार्यालय नव्या रायपुरात गेलं तेव्हा त्या भल्यारुंद रिकाम्या रस्त्यांच्या कडेनं त्यांना खरोखरच्या टिटव्या भेटायच्या, आणि बसमधून उतरल्यावर आजचा टिटव्यांचा समाचार मला घरी येऊन सांगायच्या.

आणि मधोमध, सगळ्यात मोठा, कोहळा.

कोहळ्याचं सांगायला हवं. इकडे त्याला रखिया म्हणतात. थंडीत उडदाची डाळ वाटून त्यात कोहळ्याचा कीस घालायचा आणि गच्चीवर वड्या घालायच्या, हे आमच्या वऱ्हाडातही आहे आणि छत्तीसगढच्या घरोघरीही. आणि दोन्हीकडे एक नेम सारखा. कोहळा बाईनं पहिल्यांदा कापायचा नाही. पहिला घाव पुरुषाचा, मग बायकांनी काय ते चिरावं, किसावं. कोहळा म्हणजे घरातला थोरला मुलगा, असं इकडच्या बायका सांगतात. मुलाच्या आईनं तर त्याच्यावर सुरी धरायचीच नाही, पाहायचंही नाही, नाहीतर मुलावर येतं म्हणतात. माझे यजमान होते तेव्हा ते हा कार्यक्रम फार थाटात करायचे. बनियनवर अंगणात उभे राहून विळा उगारायचे आणि युद्ध जिंकल्यासारखे आत यायचे. ते गेले त्या थंडीत कोहळा घरात तसाच पडून होता. मी त्याच्याकडे पाहिलं की रडू फुटायचं. कुणी म्हणालं, शेजारच्या माणसाला बोलवा. कुणी म्हणालं, निखिल आहे की, पोरगा असला तरी पुरुषच. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एका सकाळी म्हणाल्या, डाळ भिजव, कोहळा मी फोडणार आहे. मी घाबरले. त्यांनी माझा दंड धरून मला जिन्याकडे वळवलं. "तू पोराची आई आहेस. तू वर जा. मले काय भेव? मले कोण आहे?"

मी गच्चीवर जाऊन उभी राहिले. खालून धप्प असा आवाज आला. मग ताईंची हाक आली, "ये आता. पाह्य, आभाळ पडलं का?"

आभाळ पडलं नव्हतं. त्यानंतर दरवर्षी हेच. कोहळा आणायच्या त्याच, फोडायच्या त्याच, आणि तोवर मी गच्चीवर. माझी खात्री होती की ताईंचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मला त्यांचा अभिमानही वाटायचा आणि मनातून थोडी धाकधूकही. त्यामुळे चिन्हात मधोमध कोहळा पाहिला तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही. राजांनी मारलेले वाघ ढालीवर काढले, यांनी फोडलेला कोहळा सुपात काढला. मी त्यांना तसं म्हटलंही. त्या नुसत्या हसल्या.

राहता राहिलं खालच्या पट्टीवरचं वचन. त्यावर मात्र आमची खूप चर्चा झाली. मराठीत लिहावं तर इथले लोक अक्षरं वाचतील पण अर्थ कळायचा नाही. हिंदीत लिहावं तर सासरे वरून रागावतील. संस्कृत आम्हा दोघींनाही येत नव्हतं. निखिल तेव्हा पोरगेला होता आणि आमच्या मराठीला हिंदीतच उत्तरं द्यायचा, अजूनही देतो. तो म्हणाला, "बुआ, कुछ मत लिखो, सब समझ जाएँगे." पट्टी रद्द झाली.

पुढे काही वर्षांनी घराचं फाटक गंजून गेलं तेव्हा ताईंनी ते चिन्ह लोखंडात करून घ्यायचं ठरवलं. रामाधार भैया सिलतऱ्याच्या एका कारखान्यात होते. त्यांनी ओळखीच्या वेल्डरकडून पत्र्यात सगळं कापून आणलं आणि फाटकाच्या मध्यभागी बसवलं. काळं रंगवलेलं सूप, आरपार कापलेला कंदील, लाटा, दोन टिटव्या. संध्याकाळी व्हरांड्यातला दिवा लावला की अख्खं चिन्ह रस्त्यावर सावलीत उमटायचं. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की कोहळ्याच्या देठाजवळ पत्रा चुकला आहे. बोटभर लांबीची एक खाच, कापणाऱ्याचा हात घसरावा तशी. मी म्हटलं, ताई, हे परत पाठवा. ज्या बाईला कॅलेंडर कललेलं खपत नाही तिनं चष्मा वर करून खाच पाहिली आणि म्हणाली, "राहू दे. हात हलला असन त्याचा." मी थक्क झाले. वय झालं यांचं, असं मनात म्हटल्याचं मला आठवतं.

फाटकामुळे आमची फार करमणूक झाली. निवडणूक आली की लोक विचारायचे, कोहळा ही कुठल्या पक्षाची निशाणी. कुरियरवाला पत्ता विचारत आला की पानठेल्यावरचा माणूस सांगायचा, वो रखियावाला गेट. वर्ध्याच्या पाहुण्यांना ते चमत्कारिक वाटायचं. एकानं तर हळूच मला विचारलं होतं, घरात कुणी काही बाहेरचं केलं आहे का? ताई प्रत्येकाला अर्थ समजावून सांगायच्या, कंदिलाचा, सुपाचा, टिटव्यांचा. कोहळ्यापाशी आल्या की म्हणायच्या, "तो आमचा कोहळा," आणि पुढे जायच्या.

त्यांचा शेवटचा फोन मला नागपुरात आला होता. रखिया चांगला मिळाला आहे, रविवारी येते आहेस ना, मी वाट पाहीन, डाळ तू आल्यावर भिजवू. मी म्हटलं, या वर्षी राहू द्या, दोघींचेही गुडघे काम करत नाहीत. त्या म्हणाल्या, निखिलला वड्या कोण पाठवणार मग? हैदराबादेत सगळं मिळतं, पण तो आत्याच्या वड्यांची वाट पाहतो... एवढंच झालं बोलणं. बाकी मग गाडीच्या वेळा.

मी पोचले तेव्हा तो कोहळा स्वयंपाकघराच्या ओट्यावर होता, राख फासल्यासारखा पांढरट, चांगला थोराड. त्या गर्दीत त्याच्याकडे कोण बघणार? तिसऱ्या दिवशी मला जरा शुद्ध आली. सुतकात वड्या होणार नव्हत्या, कोहळा वाया जाईल म्हणून मी तो उचलून कौशल्याकडे न्यायला निघाले. फाटकातच रामाधार भैया भेटले. म्हटलं, भैया, हा तुमच्याकडे घेऊन जा. त्यांनी तो हातात घेतला, फिरवून पाहिला, आणि सहज म्हणाले, "हाँ, यह तो वही है. चीरा मैंने लगा दिया था." मला कळेना. मी कोहळ्याकडे पाहिलं. देठाजवळ बोटभर लांबीचा एक काप होता, कडा सुकलेल्या.

मी विचारलं, कसला काप? कौशल्या दारात येऊन उभी राहिली. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग तीच म्हणाली, आता सांगायला काय हरकत आहे? ताई दरवर्षी कोहळा बाजारातून आणला की आधी त्यांच्याकडे न्यायच्या. रामाधार भैयांच्या हातून पहिला काप देऊन घ्यायच्या आणि पदराखाली झाकून घरी आणायच्या. पहिल्या वर्षापासून; तेव्हा घरात पडून होता तो कोहळाही असाच गुपचूप नेऊन आणला होता. मला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती. मी विचारलं, पण त्या तर असलं काही मानत नव्हत्या...

रामाधार भैया कोहळ्यावरून हात फिरवत होते. म्हणाले, "मैंने भी एक बार पूछा था, भाभी. बोलीं, मैं नहीं मानती. लेकिन घर में एक ही लड़का है. लड़के पर आज़माते नहीं."

मी तिथेच पायरीवर बसले. इतकी वर्षं मी गच्चीवर उभी राहून धप्प आवाजाची वाट पाहत होते, आणि वाटायचं, ही बाई कुणाला भीत नाही कारण हिला गमावायला कोणी नाही. 'मले कोण आहे' म्हणाल्या होत्या ना त्या? तर हे होतं. भीती माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त होती. ती त्यांनी मला दिसू दिली नाही, कारण नवरा गेलेल्या बाईसमोर घरात कोणीतरी न भिणारं हवं होतं. मी फाटकाकडे पाहिलं. मग रामाधार भैयांना विचारलं, आणि ही खाच? वेल्डरचा हात घसरला होता ना? ते म्हणाले, नाही भाभी, त्यानं तर पूर्ण कोहळा कापला होता. दीदी स्वतः आल्या होत्या माझ्याबरोबर, त्याच्या शेजारी उभं राहून खडूनं खूण करून दिली त्यांनी. तो म्हणाला, माल खराब दिसेल. त्या म्हणाल्या, दिसू दे.

त्या चुलतसासूबाई आतच बसलेल्या होत्या. मला वाटलं होतं की जाऊन त्यांना सगळं ऐकवावं. पण उठले नाही. तेवढ्यापुरतं तरी ते माझ्याजवळच ठेवावंसं वाटलं. रामाधार भैयांनी तो कोहळा नेला, आणि दुसऱ्या दिवशी कौशल्यानं त्याची भाजी आमच्याकडे पाठवली. मी दोन घास खाल्ले. ताईंची फार आठवण आली.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. माणसांच्या येण्याजाण्यात फाटकाची एक बिजागरी निखळली होती, म्हणून निखिलनं वेल्डरला बोलावलं. मी व्हरांड्यात ताईंच्या खुर्चीत बसले होते. अजून तिच्यात बसताना अंग चोरावं लागतं. बिजागरी लागली, ठिणग्या उडायच्या थांबल्या, आणि तो वेल्डर चिन्हावरून हात फिरवत म्हणाला की इथे वर पण तुटलं आहे, लगे हात भरून देतो. निखिल माझ्याकडे वळला. "आई, भरवा दूँ क्या? बचपन से देख रहा हूँ, टूटा ही है."

तेव्हा मी त्याला सांगितलं. वेल्डर ताटकळत उभा होता तरी सगळं सांगितलं, कोहळा कोण असतो तेही, आणि पदराखाली झाकून काय यायचं तेही. निखिल आता दाढी राखतो, मोठमोठ्या मशिनींच्या कंपनीत आहे, लहानपणासारखा चटकन बोलत नाही. तो फाटकाजवळ गेला आणि त्या खाचेत त्यानं बोट घालून पाहिलं. बोट बरोबर बसलं. वेल्डरनं पुन्हा विचारलं तेव्हा पाठमोराच म्हणाला, "नहीं भैया, वो टूटा नहीं है. डिज़ाइन में है."